रामभाऊंचा गुडघा आणि डॉमिनिकाचा धबधबा

दार अर्धं उघडलं आणि अडलं. सुनंदाने खांदा लावून रेटा दिला, तरी ते कशाला तरी टेकून परत आलं. जे काही होतं ते मऊ होतं, जाड होतं आणि हट्टी होतं. कुवेतच्या अबू हलीफातली मे महिन्यातली भर दुपार, लिफ्ट बंद. क्लिनिकची सकाळची पाळी उभ्याने काढलेली, संध्याकाळची पाळी पुढे वाट बघत बसलेली. मधल्या वेळात चार घास खाऊन घटकाभर पाय लांब करायचे, एवढंच तिला हवं होतं. आणि घर म्हणत होतं, आज जागा नाही.

तिने पर्स डोक्यावर धरली, पोट आत ओढलं आणि फटीतून तिरकी आत शिरली.

दाराशी कांबळं बसलं होतं. गुलाबाच्या मोठाल्या फुलांचं, चेनच्या प्लास्टिक पिशवीत कोंबलेलं, इथल्या सगळ्या दुकानांत मिळतं तसलं कोरियन कांबळं. एखादं वासरू गोठ्यात बसावं तसं ऐसपैस. त्याच्या मागे दुधाच्या पावडरचे डबे, खजुराची खोकी, बदामाच्या पिशव्या, रक्तदाब मोजायचं मशीन, आणि चिकटपट्टीत जखडून टाकलेलं एक पुडकं, ज्यावर कुणीतरी मार्करने 'नाजूक' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सोफा दिसतच नव्हता.

"अहो!"

स्वयंपाकघरातून नळाचा आवाज मोठा झाला. जयप्रकाश पिंगळे, वय वर्षं चोपन्न, मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीतले मेंटेनन्स इंजिनियर, आज सुट्टीवर, तांदूळ धुवत होते. कधीचे धुवत होते कुणास ठाऊक; पाणी पार नितळ झालं होतं.

"आलीस का? आज लवकर?"

"रोजच्याच वेळेला आलेय. हे काय आहे?"

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? मी ज्याच्यावरून उडी मारून आले ते!"

"ते होय," जयप्रकाश म्हणाले, जणू घरात हत्ती शिरलाय हे त्यांच्या आत्ताच लक्षात आलं. "लोकांनी आणून दिलंय. जाताना न्यायला."

"कुठे न्यायला?"

यावर जयप्रकाशांनी तांदूळ पुन्हा धुवायला घेतले.

*

आता यातली थोडी चूक सुनंदाची होती, आणि तिचा अर्धा संताप त्यामुळेच होता.

इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत गणपतीच्या वर्गणीवरून भांडण संपून चहा आला, तेव्हा ती आनंदाच्या भरात अबोलीला म्हणाली होती, "माझी रजा मंजूर झाली गं!" झालं. कुवेतमध्ये रजा मंजूर झाली म्हटल्यावर 'कुठे जाणार' हा प्रश्न कुणी विचारत नाही. रजा म्हणजे गाव. आखातातल्या माणसाची रजा ही त्याची स्वतःची नसते, ती गावाकडच्या माणसांची असते आणि इथे फक्त वर्षभर साठवून ठेवलेली असते. रजा झाली म्हणजे माणूस निघाला, आणि माणूस निघाला म्हणजे त्याच्या बॅगेत जागा झाली. अबोलीने चहाचा कप खाली ठेवण्याआधी निम्म्या मंगफला आणि सबंध अबू हलीफाला कळवलं होतं.

सुनंदा ड्यूटीवर असताना लोक येऊन गेले होते. पण या घरी ते दर वर्षी येत असल्यामुळे कोण काय बोललं असेल, हे तिला हॉलमधल्या एकेका पुडक्याकडे बघून ऐकू येत होतं. 'नाजूक' पुडकं अबोलीचं. अबोली मूळची पुण्याची, तिचा प्रत्येक शब्द इस्त्री करून बाहेर पडायचा. "अगं, वजन काहीही नाहीये हं त्याला. आत निव्वळ हवा आहे. फक्त आडवं ठेवू नकोस, उभं ठेवू नकोस आणि त्याच्यावर काही ठेवू नकोस." कांबळं चंद्रहासचं, मालवणकडचा, समोरच्या इमारतीत राहणारा. "वैनीनू, जरासांच सामान आसा. आवशीक धाडूचां. थंडी लागता तिका." मालवणात! मे महिन्यात! आणि मशीन तुळशीदासचं, लातूरकडचा, बोलताना सतत मान डोलावणारा. "लई काई न्हाई बघा वहिनी, मायसाठी बीपीची मशीन हाय तेवढी. तुमी सोता लावून दाखवा तिला. तुमी नर्स हाव ना." म्हणजे सासरी नाशिकला उतरून लातूरला जाऊन लावून दाखवायची. वाटेवरच आहे!

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, की आपण गावाला जात नाही आहोत?" सुनंदाने विचारलं.

"अगं, पहिला चंद्रहास आला. म्हणाला, आईला थंडी वाजते. आता आईचं नाव काढल्यावर मी त्याला काय सांगू? की आम्ही मजा करायला कुठल्यातरी बेटावर चाललोय?"

"हो. हेच सांगायचं. शब्द पण बरोबर आलेत."

"मग तुळशीदास आला. एकाचं घेतलं आणि एकाचं नाही, असं बरं दिसतं का?"

जयप्रकाशांचा सगळा जन्म 'बरं दिसतं का' या तीन शब्दांत बसत होता.

*

त्या बेटाचं नाव डॉमिनिका. ते कॅरिबियन समुद्रात आहे, आणि सुनंदाने ते पहिल्यांदा पाहिलं मुमताजच्या मोबाइलवर, क्लिनिकच्या चहाच्या सुट्टीत. मुमताज तिथली लॅब टेक्निशियन, रत्नागिरीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगे मार्गी लागलेले. हिरव्यागार घळीत एक धबधबा कोसळत होता आणि त्याच्या मधोमध, दोराला लटकून, हेल्मेट घातलेली एक बाई खाली उतरत होती. बाई खदाखदा हसत होती. सुनंदा धबधबा बघून थांबली नाही. हेल्मेटमधून बाहेर आलेले त्या बाईचे केस पांढरे होते, ते बघून थांबली.

"परत लाव," ती म्हणाली.

त्या दिवशी तो व्हिडिओ दोघींनी बिस्किटं चहात विरघळेपर्यंत पाहिला.

मग त्या दोघी पोहायला शिकल्या. एक्कावन्नाव्या वर्षी, मंगफच्या एका क्लबात, बायकांच्या वेळेला, मनगटापासून घोट्यापर्यंत झाकलेल्या पोशाखात. सुनंदा काठाला घोरपडीसारखी चिकटून बसायची आणि मुमताज पाण्यातून ओरडायची, "अगो सुनंदे, सोड आता! पाण्याला काय ठाऊक तुझं वय?" क्लिनिकच्या हाडांच्या डॉक्टरने सुनंदाच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला, मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "सिस्टर, चढण्या-उतरण्याची हौस असेल तर आता करून घ्या. पुढे तुम्ही माझ्या टेबलावर असाल." त्याच आठवड्यात तिने रजेचा अर्ज टाकला.

जयप्रकाश आपण होऊन बरोबर यायला तयार झाले होते, कारण दोघी बायका एवढ्या लांब एकट्या, बरं दिसतं का. पण त्यांची कुरकुर तेव्हापासून चालूच होती. "कॅरिबियन म्हणजे क्रिकेट. ते टीव्हीवर दिसतं." "समुद्र? अगं, तो आपल्या खिडकीतून दिसतो की, त्या दोन इमारतींच्या मधून." आणि तिथे डोंगरात उकळणारं तळं आहे, चालत चालत तिथवर जाता येतं, जमिनीतून वाफा येतात, गंधकाचा वास येतो, असं तिने वाचून दाखवल्यावर जयप्रकाशांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं होतं. "गंधकाचा वास? तो घ्यायला लंडनवरून, बार्बाडोसवरून, तीन विमानं बदलून जायचं? मीना अब्दुल्लाला ये माझ्याबरोबर. सकाळच्या बसने नेतो. वाटेल तेवढा घे!"

ती तेव्हा हसली होती. आज हॉलमध्ये कांबळ्यासमोर उभी राहून तिला ते हसणं परत घ्यावंसं वाटत होतं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. पिंगळे परिवाराच्या ग्रुपवर रामभाऊंचा आवाजी निरोप आला होता. रामभाऊ हे जयप्रकाशांचे थोरले बंधू, नाशिकला असतात. आवाजी निरोपातही ते फोनवर बोलल्यासारखंच बोलतात.

"हां... सुनंदा... रामभाऊ बोलतोय. तू येतेयस असं जयप्रकाशकडून कळलं. बरं वाटलं. डॉक्टरांना मी म्हटलं, आमच्या घरची नर्स कुवेतहून येतेय, गुडघा तेव्हाच बदलायचा. डॉक्टर म्हणाले, मग काळजीच नाही. हां... तू आल्याच्या दुसऱ्या दिवशी ॲडमिट व्हायचं. आणि येताना तो बाम आण. हिरवा. पिवळा नको. पिवळ्याने आग होते. हां... चल, ठेवतो."

सुनंदाने मोबाइल हळूच खाली केला. ती अशी हळू झाली की क्लिनिकमधले वॉर्डबॉय लांबच्या बाथरूममध्ये जायचे.

"जयप्रकाश पिंगळे," ती म्हणाली. "बाहेर या."

*

तिच्या रजेची गोष्ट सांगितल्याशिवाय तिचा राग कळायचा नाही.

सुनंदा निफाडची. लग्नानंतर वर्षाच्या आत तिला कुवेतला नर्सची नोकरी लागली आणि ती एकटी विमानात बसली. वर्षभराने तिनेच ओळखी काढून, इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, रांगांत उभं राहून नवऱ्याचे कागद पुढे सरकवले, तेव्हा जयप्रकाश आले. नाशिकला मात्र आजही पाहुण्यांना सांगतात, आमच्या जयप्रकाशने बायकोला कुवेतला नेलं.

तेव्हापासून ती दर रजेला गावी जाते आणि दर रजेला ड्यूटी करते. पिंगळ्यांच्या घरातली दुखणी वर्षभर तिच्यासाठी राखून ठेवलेली असतात. सासूबाईंचा मोतीबिंदू सुनंदा यायची म्हणून पिकत ठेवला होता. चुलतसासऱ्यांचा हर्निया एक सबंध वर्ष सांभाळून वापरला. खुद्द रामभाऊंचं पित्ताशय तर ठणकत असताना थांबवलं. "सुनंदा येतेय ना, मग घाई कशाला?" नाशिकच्या हॉस्पिटलांत तिला घरापेक्षा जास्त ओळखतात. सकाळी डबा, दुपारी स्पंजिंग, संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांचा चहा. जाऊबाईंना रक्त बघवत नाही. जयप्रकाशांना हॉस्पिटलचा वास सहन होत नाही. गंधकात अख्खी हयात काढलेला माणूस!

रजा संपवून कुवेतला परतली की मुमताज विचारायची, "काय गो, आराम झाला?" आणि सुनंदा म्हणायची, "हो, आता ड्यूटीवर होईल."

आणि आता रामभाऊंचा गुडघा. तिच्या गुडघ्याला मिळालेली एकुलती एक रजा रामभाऊंच्या गुडघ्याला.

*

"मी दादाला नाही कसं म्हणणार होतो?" जयप्रकाश पंच्याला हात पुसत होते. हात कोरडे झाले तरी पुसत होते. "त्याने तारीख घेऊन टाकली होती. आणि बेट काय, कुठे पळून जातंय? पुढच्या वर्षी जाऊ."

"आणि तिकिटं?"

जयप्रकाशांनी पंच्याची घडी घातली.

सुनंदाने शहरातल्या मिरकाब भागात ओवैसला फोन लावला. ओवैसचं तिथे एका जुन्या इमारतीत तिकिटांचं ऑफिस आहे, आणि तो गिऱ्हाइकाला तिकिटाऐवजी शायरी विकत असल्यासारखा बोलतो.

"अरे भाभीजी! ज़हे-नसीब! कैसे याद किया?"

"ओवैसभाई, हमारे तिकीट का क्या चल रहा है?"

पलीकडे खोकला. "वो... सर ने बोला था कि रोक के रखो, शाम तक दोनों का मुंबई बना दूँगा. सर बोले, भाभी को मत बताना, सरप्राइज़ है."

सुनंदाने नवऱ्याकडे पाहिलं. जयप्रकाश कांबळ्याची चेन लावत होते. ती आधीच लावलेली होती.

"ओवैसभाई, सरप्राइज मिल गया. मेरे तिकीट को हात नहीं लगाने का. सर का मुंबई कर दो."

"जी? दोनों अलग-अलग? भाभीजी, सब ख़ैरियत है ना?"

"एकदम खैरियत," सुनंदा म्हणाली आणि तिने नाशिकचा नंबर दाबला. स्पीकर चालू करून मोबाइल 'नाजूक' पुडक्यावर ठेवला.

"हां... रामभाऊ बोलतोय."

"दादा, सुनंदा बोलतेय. मी येत नाहीये."

"हां? हॅलो? आवाज तुटतोय बघ."

"आवाज चांगला आहे, दादा. मी येत नाहीये. माझी रजा मी दुसरीकडे घालवणार आहे."

"अगं, पण डॉक्टरांना शब्द दिलाय मी!"

"तुम्ही दिलाय. मी नाही दिला."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. "कुठे चाललीस?"

"धबधब्यावरून खाली उतरायला."

"हां..." रामभाऊंनी विचार केला. "कुणाच्या?"

"डॉमिनिकाच्या!"

"ती कोण? बरोबर कोण आहे?"

"मुमताज."

पंखा. मग रामभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "जयप्रकाशला दे."

द्यायची गरजच नव्हती, जयप्रकाश पुडक्यावर ओणवेच झाले होते. "हां दादा... हो दादा... नाही दादा... अरे, क्लिनिकमध्ये काम फार असतं रे तिला, डोकं तापतं... हो दादा. मी समजावतो तिला. तू नको काळजी करू. ती येईल."

फोन बंद झाला.

'मी समजावतो तिला.' इतक्या वर्षांत सुनंदाने नवऱ्याच्या तोंडून बरंच काही ऐकलं होतं, पण तिच्याबद्दल, तिच्यादेखत, तिच्याच फोनवर हे असं कधी ऐकलं नव्हतं. तिच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. आता ही किंचाळणार, असं जयप्रकाशांना वाटलं, कारण त्यांनी आधीच डोळे मिटून घेतले.

ती किंचाळली नाही. तिने कांबळ्याची चेन सर्रकन ओढली.

"अगं, ते चंद्रहासच्या आईचं..."

सुनंदाने कांबळं सोफ्यावर पसरलं, वरचे डबे खाली लोटले आणि त्यावर आडवी झाली. उजवा पाय बदामाच्या पिशव्यांवर चढवला. मान मागे टाकली, ओठ पुढे काढले, आणि अबू हलीफातल्या त्या हॉलमध्ये रामभाऊ बोलले.

"हां... जयप्रकाश... रामभाऊ बोलतोय."

जयप्रकाश चमकले. आवाज हुबेहूब होता. मधली ती धाप, शेवटचं अक्षर नाकातून सोडायची ती तऱ्हा, सगळं. इतक्या रजा त्या आवाजाच्या उशाशी काढल्यावर तो कुणाच्याही घशात येऊन बसेल.

"उशी सरकव. वर. एवढी नको. खाली. हां... आता पहिल्यासारखी कर."

"सुनंदा, पुरे."

"सुनंदा कोण? सुनंदा धबधब्यावर गेली. तू आहेस. पाय उचल माझा. अरे, अलगद! टाके आहेत तिथे! पंखा वाढव. गार लागतंय, कमी कर. चहा झाला का? साखर घातलीस? मला शुगर आहे, माहीत नाही तुला? नाही घातलीस? मग बिनसाखरेचा कोण पितो?"

जयप्रकाशांना हसू आलं. ते खरंच चहाच्या कपाचं सोंग करत पुढे आले. सुनंदा हसली नाही.

"भांडं आण."

"कसलं भांडं?"

"पलंगावरच्या माणसाला कसलं भांडं लागतं? ते आण."

आणि तिने 'नाजूक' पुडक्याकडे बोट दाखवलं.

"अगं, ते अबोलीचं..."

"हां... उचल. खाली सरकव. नाक मुरडू नकोस. तोंड दुसरीकडे करू नकोस, सांडेल. आता ते घेऊन जा, धू, हात धू, साबणाने धू, आणि मला जेवायला वाढ. तुला भूक लागलीय? तुझं नंतर बघू. बघ, पाव्हणे आले. अरे बसा, बसा! जयप्रकाश, चहा टाक सगळ्यांना. हा आमचा जयप्रकाश. कुवेतला असतो. रजेवर आलाय, आरामाला."

जयप्रकाश अबोलीचं पुडकं दोन्ही हातांत धरून उभे होते. उभं नाही, आडवं नाही, मधेच कुठेतरी. हसू केव्हाच गेलं होतं.

"असंच असतं?" त्यांनी विचारलं. "दर वेळी?"

"नाही," सुनंदा उठून बसली. "दर वेळी एकच पेशंट नसतो. आणि तू कुठे होतास? मी आत भांडी सरकवत होते, तेव्हा तू मित्रांबरोबर मिसळ खायला जायचास. येताना माझ्यासाठी पाव आणायचास. नुसते पाव. रस्सा सांडतो म्हणून!"

रामभाऊंचं सोंग उतरलं होतं, पण ते 'तू' काही उतरलं नाही. तिचं तिलाही ते ऐकू आलं. तिने ते परत घेतलं नाही.

"तुला नाही म्हणता येत नाही ना? मग म्हणू नकोस. हो म्हणालास ना दादाला? तो हो तू कर. तुझ्या हो म्हणण्याला इतकी वर्षं माझे हात लागलेत. या वेळी तुझे लाव."

जयप्रकाश बदामावर बसले. मग म्हणाले, "मला टाके बिके बघून चक्कर येते गं."

"येऊ दे. हॉस्पिटलातच येईल, सोय आहे."

"आणि दादाला काय सांगू?"

"आत्ता सांग. माझ्यासमोर."

त्यांनी फोन लावला. नंबर दोनदा चुकला. सुनंदाने ते पाहिलं आणि तिला अजिबात दया आली नाही. "दादा... हां दादा. सुनंदा येत नाहीये. नाही, मी समजावलं नाही. मी येतोय. मीच राहतो तुझ्यापाशी." मध्ये बराच वेळ पलीकडूनच आवाज येत होता. मग जयप्रकाश म्हणाले, "मला नाही जमलं, तर बाई ठेवू दादा. हो, घरात नर्स असताना."

हे शेवटचं त्यांनी फोन तोंडापासून जरा लांब धरून म्हटलं. पण म्हटलं.

*

त्या दिवसापासून निघेपर्यंत पिंगळ्यांच्या हॉलमध्ये शाळा भरत होती. सुनंदा सोफ्यावर, जयप्रकाश उभे. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, चादर त्याच्याखालून कशी काढायची, चिडलेल्या माणसाला गोळी कशी द्यायची. ती शिकवत होती, पण गोडीने नाही. चुकलं की रामभाऊंच्या आवाजात शिव्या बसत.

कांबळं नेणारा माणूस आता वेगळा आहे, एवढंच तिने सगळ्यांना फोनवर सांगितलं. तुळशीदास म्हणाला, "मंग मशीन कोन लावून दाखवनार?" ती म्हणाली, "साहेब दाखवतील. इंजिनियर हायेत." अबोलीचा फोन लांबला. "अय्या, म्हणजे तू एकटीच चाललीस? मुमताजबरोबर? आणि तुझे हे गावाला? काही झालंय का गं? मला सांग हं, मी कुण्णाला बोलणार नाही." सुनंदाने 'काही नाही' म्हटलं आणि अबोली तेच कुण्णाला न बोलता किती जणांना सांगेल, याचा अंदाज करत फोन ठेवला.

विमानतळावर जयप्रकाशांची ट्रॉली त्यांच्याहून उंच होती. सर्वांत वर कांबळं. मुंबईच्या रांगेकडे वळताना ते थांबले आणि म्हणाले, "बाम राहिला बघ. हिरवा."

"पिवळा घे," सुनंदा म्हणाली.

*

डॉमिनिकाला सुनंदा घळीच्या काठावर उभी राहिली. हेल्मेट हनुवटीला काचत होतं, कमरेला पट्टे, गुडघ्याला क्लिनिकमधून आणलेली पट्टी. खाली पाणी गडगडत होतं आणि किती खाली ते दिसत नव्हतं. दोर धरलेला तिथला गाइड, खांद्याएवढ्या जटांचा तरुण पोरगा, तिला 'ममा' म्हणत होता. मागे मुमताज मोठमोठ्याने अल्लाचं नाव घेत होती आणि मधूनच म्हणत होती, "अगो, मी नंतर! तू हो पुढे!"

सुनंदाला वाटलं होतं, इथे आल्यावर राग निवेल. तो निवला नव्हता. तो बरोबरच आला होता, हातातल्या बॅगेसारखा. तिने पाय काठावरून मागे टाकले, दोरावर अंग सोडलं, तोंडावर धबधब्याचा पहिला फटका बसला आणि श्वास गेला. तो परत आला तेव्हा ती ओरडली.

"उशी सरकव! वर! खाली! पहिल्यासारखी!"

घळ गडगडून उठली. ती एकेक पाऊल खाली सरकत होती आणि एकेक रजा बाहेर काढत होती, मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशय, पाव्हण्यांचा चहा, नुसते पाव. शेवटच्या टप्प्याला दोर संपला, खाली हिरवा डोह. इथून उडी. वरून पोरगा ओरडून आकडे मोजायला लागला. तिने ते पुरे होऊ दिले नाहीत. "हां... रामभाऊ बोलतोय!" असं नाकातून खच्चून ओरडली आणि डोहात गेली.

पोराला ती प्रार्थना वाटली. त्याने वरून हात जोडले.

संध्याकाळी हॉटेलात मोबाइलला रेंज आली. जयप्रकाशांचा आवाजी निरोप होता, कुजबुजत्या आवाजात, मागे हॉस्पिटलची ट्रॉली खडखडत होती. "सुनंदा, ऑपरेशन नीट झालं. दादा सारखा उशी सरकवायला सांगतो. किती वेळा सरकवायची असते गं? आणि काल पाव्हणे आले होते. अकरा कप चहा झाला. मी सकाळपासून जेवलो नाहीये." थोडं थांबून पुढे, "मी त्यांना आज यायचं नाही म्हणून सांगितलं. वहिनी रागावलीय." आणि शेवटी, सवयीने, "ठेवतो."

सुनंदाने निरोप दोनदा ऐकला. 'जेवून घे' असं लिहिलं. मग ते खोडलं आणि 'पाव आहेत का बघ' असं लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी उकळत्या तळ्याला निघाल्या. चिखल, पायऱ्या, पुन्हा चिखल. गुडघा ठणकत होता आणि तिने त्याला ठणकू दिलं. शेवटी झाडं विरळ झाली, दगड पिवळे पडले, जमिनीतून वाफा फुसफुसायला लागल्या आणि वारा त्यांच्या दिशेने फिरला.

सुनंदा थबकली. तिने एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

"काय गो?" मुमताजने विचारलं.

वास अगदी मीना अब्दुल्लाचाच होता. जयप्रकाशांच्या कामाच्या कपड्यांना रोज संध्याकाळी यायचा तो. रतीभर फरक नव्हता.

"काही नाही," सुनंदा म्हणाली. "आणि हे बघ, आमच्या घरी यातलं अक्षर बोलायचं नाही."